चांदीच्या जुन्या पदकावरचं आयरिश लिखाण कुणी वाचून देईल का?

रानजाई
मंडळी, एक मदत हवी आहे. मी आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात राहते. मागच्या रविवारी जुन्या बाजारात किल्ल्या, ताटल्या आणि मोडक्या घड्याळांच्या ढिगात एक चांदीचं पदक सापडलं. विकणाऱ्या आजोबांना विचारलं, कशाचं आहे हो? म्हणाले, "जुनं आहे." तेवढं मलाही दिसत होतं. वीस युरो सांगितले, चौदाला दिलं. (मंडईत तयार झालेली जीभ, दुसरं काय.)

आकार क्रूसाचा, क्रूसाभोवती गोल कडं. आपल्या जुन्या रुपयापेक्षा थोडं लहान. वर अडकवायला कडी आहे, ती एका बाजूने चांगलीच झिजलीय. पुढच्या बाजूला मधोमध वीणेसारखं वाद्य, त्याच्या पायाशी मान वळवून बसलेला कुत्रा, मागे निमुळत्या टोकाचा मनोरा, काठाने तीन-तीन पानांची नक्षी.

मागे हाताने कोरलेल्या पाच ओळी आहेत. अक्षरं रोमनसारखी आहेत आणि नाहीतही. मला दिसलं ते असं:

फेइर
कॉनकाइ (पुढे ३ सारखं काहीतरी, डोक्यावर टिंब)
कॉन ७ पॉन्त (सात इंग्रजी, अगदी स्वच्छ)
अन दाना ओउआइर
म. नी क. (क च्या डोक्यावरही टिंब)

शिवाय कडेला तांदळाच्या कणीएवढे चार शिक्के. एकात बसलेली बाई आहे, एकात मुकुट, बाकीचे दोन पुसट. साल कुठेच नाही. फोटो जोडलेत. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चहाटळ
फेइर म्हणजे फेअर, जत्रा. जत्रेत कुत्र्यांची स्पर्धा, त्यात या कुत्र्याचा सातवा नंबर. सुटला प्रश्न. पुढचा धागा आणा.

नाथाबुवा
फोटो दिसत नाहीये.

खडकीकर
मला हे पलटणीचं पदक वाटतंय. 'पॉन्त' म्हणजे पॉन्टून, नदीवर टाकायचा तरंगता पूल. 'कॉन ७' म्हणजे सातवा कॉन्व्हॉय वगैरे असावं.

आयरिश पलटणींचा आपल्याशी संबंध लोकांना माहीतच नसतो. रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्स ही पलटण १८८१ साली दोन जुन्या पलटणी जोडून झाली. एक मद्रासची आणि दुसरी चक्क मुंबईची, रॉयल बॉम्बे फ्युझिलिअर्स. दोन्ही मुळात कंपनी सरकारच्या गोऱ्या पलटणी. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीला पेशव्यांच्या फौजेशी लढली ती हीच मुंबईवाली. त्यामुळे पुढे डब्लिनच्या पलटणीच्या मानचिन्हांत 'किर्की' हे नाव शेवटपर्यंत होतं. १९२२ मध्ये पलटण मोडली. म्हणजे आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवरचं मैदान एका आयरिश पलटणीच्या निशाणावर शंभर वर्षं फडकत होतं!

चहाटळ
खडकीकर, धागा कुठलाही असो, तिसऱ्या प्रतिसादात खडकी येतेच. _/\_

खडकीकर
आली तर आली. बिघडलं काय?

सोनारपेठ
सर्वांत आधी: पदक घासू नका. टूथपेस्ट नको, रिठा नको, चिंच नको, पितांबरी तर मुळीच नको. कोरलेल्या रेषांत बसलेला काळेपणा आहे म्हणून अक्षरं उठून दिसताहेत. चकचकीत केलंत की रेषाही जातील आणि किंमतही.

आता शिक्के. हे डब्लिनचं हॉलमार्किंग आहे. मुकुट दिसतोय त्याच्याखाली वीणा असणार, नीट बघा. मुकुटवाली वीणा म्हणजे चांदी ठरलेल्या कसाची, हजारात ९२५ भाग. १६३७ साली पहिल्या चार्ल्स राजाने डब्लिनच्या सोनारांच्या संघाला सनद दिली, तेव्हापासूनची ही खूण. बसलेली बाई म्हणजे हायबर्निया, आयर्लंडभूमीचं रूप. ती १७३० मध्ये आली, सरकारी कर भरल्याची पावती म्हणून. पुढे १८०७ पासून करासाठी राजाच्या चेहऱ्याचा वेगळा शिक्का सुरू झाला, पण बाईंना कुणी उठवलं नाही. त्या डब्लिनची खूण म्हणून बसल्या त्या बसल्याच. १८९० मध्ये चांदीवरचा करच गेला आणि राजाचा चेहराही गेला. तुमच्याकडे चेहरा नाही, म्हणजे पदक बहुधा १८९० नंतरचं.

उरलेल्या दोन पुसट शिक्क्यांत एक घडवणाऱ्याची आद्याक्षरं आणि एक सालाचं अक्षर. सालाचं अक्षर मिळालं तर वर्ष पक्कं. मात्र तेच अक्षर काही वर्षांनी वेगळ्या वळणात, वेगळ्या चौकटीत परत येतं, त्यामुळे नुसतं 'क' आहे म्हणून भागत नाही. चौकटीचा आकारही कळवा.

रानजाई
बाप रे, थोडक्यात वाचलं. लिंबू कापून ठेवलं होतं!
मुकुटाखाली वीणा आहे, बरोबर. सालाचं अक्षर मात्र पार गेलंय. भिंगातून नुसता डाग दिसतो.

आजीबाईंचा_बटवा
ती बाई मला भारतमातेसारखी वाटली. :)

सोनारपेठ
अनेकांना ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनभूमीचं रूप वाटते. फरक सोपा आहे: जवळ वीणा असली तर हायबर्निया.
अवांतर: कॉर्कला स्वतःचं कसोटी कार्यालय नव्हतं. अठराव्या शतकात माल डब्लिनला पाठवायचा म्हणजे खराब रस्ते आणि वाटमारी. म्हणून तिथले सोनार सरळ 'स्टर्लिंग' असा शब्दच ठोकायचे. १९२२ च्या यादवी युद्धात डब्लिनची वाट पुन्हा बंद झाली, तेव्हा कॉर्कच्या विल्यम ईगन आणि सन्स या पेढीने जहाज आणि दोन बुरूज असा स्वतःचा शिक्का काही आठवडे वापरला. तसल्या वस्तूंना आता संग्राहक पाण्यासारखा पैसा ओततात. तुमच्या पदकावर जहाज असतं तर मी आत्ताच विमानाचं तिकीट काढलं असतं.

झंपी
मीही कॉर्कला दोन वर्षं काढलीत. दारू सोडल्याचं पदक असू शकतं का? फादर मॅथ्यू म्हणून होते. १८३८ मध्ये कॉर्कमध्येच त्यांनी दारूबंदीची चळवळ सुरू केली आणि लाखो लोकांना शपथा दिल्या. शपथ घेतली की पदक मिळायचं. सेंट पॅट्रिक स्ट्रीटवर त्यांचा पुतळा आहे, रानजाई रोज बघत असेल.

रानजाई
रोज त्याच्या समोरच बस पकडते. पण ती पदकं चांदीची असत का?

सोनारपेठ
लाखांनी वाटायची म्हटल्यावर बहुतेक कथलासारख्या हलक्या धातूची. शिवाय त्यांच्यावरचा मजकूर सहसा इंग्रजीत असतो. आणि काळ जुळत नाही.

चहाटळ
दारू सोडल्याबद्दल सातवं पदक म्हणजे सहा वेळा परत धरली.

बोरूबहाद्दर
मी आयरिश जाणत नाही, पण मोडी वाचायला शिकतोय आणि तिथे एक धडा पक्का बसलाय: एका अक्षरावर अडलात की तेच अक्षर त्याच हाताने आणखी कुठे काढलंय ते शोधा. म्हणून फोटो मोठा करून नुसती अक्षरं मोजली.

रानजाईंनी जिथे जिथे 'न' वाचलाय तिथे खरं तर दोन वेगळी अक्षरं आहेत. चौथ्या ओळीतल्या 'अन' मधला न आणि पाचवीतल्या 'नी' मधला न, दोघांचे दोन्ही पाय सारखे आखूड. पण 'कॉनकाइ', 'कॉन', 'पॉन्त' आणि 'दाना' यांतल्या न चा डावा पाय ओळीखाली लांब गेलाय. कोरणाऱ्याचा हात इतका स्वच्छ आहे की चार वेळा चुकून पाय लांबणार नाही. ते वेगळं अक्षर आहे. मला तो 'र' वाटतो.

मग वाचन असं होतं: कॉरकाइ-काहीतरी, कॉर ७ पॉर्त, अन दारा ओउआइर.

आता शेवटचा 'र' बघा. तो या लांब पायवाल्या र सारखा नाही आणि पहिल्या ओळीच्या 'फेइर' मधल्या र सारखा मात्र तंतोतंत आहे. म्हणजे तो र नसून तिसरंच काहीतरी.

झंपी
थांबा थांबा थांबा. कॉर. ७. पॉर्त. कॉर्क, सात नंबर, पोर्ट!! कॉर्कचं बंदर म्हणजे कोव्ह, तेव्हाचं नाव क्वीन्सटाउन. टायटॅनिक शेवटचं थांबलं ते तिथेच, ११ एप्रिल १९१२! सात नंबरचा धक्का!!! अंगावर काटा आला.

खडकीकर
आणि मला खडकीवरून बोलता.

चहाटळ
आता यात कुत्रा कसा बसवायचा? बोटीवरचा?

झंपी
टायटॅनिकवर कुत्रे होतेच मुळी. तीन वाचलेसुद्धा.

नाथाबुवा
फोटो दिसत नाहीये. ब्राउझर बदलून पाहिला.

हिरवा_डोंगर
आत्ताच धागा पाहिला. डब्लिनमध्ये एकोणीस वर्षं झाली, मुलं इथल्याच शाळेत आयरिश शिकली, त्यांच्या अभ्यासामुळे मलाही थोडं येतं. झंपी, माफ करा, बोट बुडवतोय.

ते सात नाहीच. ती 'आणि' ची खूण आहे. आयरिशमध्ये 'आणि' ला 'आगस' म्हणतात आणि जुन्या लिखाणात त्याऐवजी ही सातासारखी खूण काढतात. सिसेरोचा लेखनिक टिरो याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोमन लघुलेखनातली ही खूण, ती आयरिश मठांतल्या हस्तलिखितांत आली आणि अजून जिवंत आहे. गाडी लावायच्या जागी 'पैसे भरा आणि पावती दाखवा' अशी पाटी असते, तिच्यावर आयरिश ओळीत हाच सात असतो. रानजाई, तुमच्या रस्त्यावरचं लोखंडी झाकण किंवा जुनी हिरवी टपालपेटी बघा. 'पी ७ टी' दिसेल. पोस्ट आणि टेलिग्राफ. ते खातं १९८४ ला संपलं, पण झाकणं कोण बदलतंय.

आता बोरूबहाद्दरांना सलाम. तुम्ही म्हणता तेच बरोबर. या लिपीला 'क्लो गेलख' म्हणतात, म्हणजे गेलिक ठसा. तिच्यात र चा डावा पाय लांब असतो, स हा रोमन र सारखा दिसतो, ग हा ३ सारखा आणि मोठा ड गोल पोटाचा. म्हणून 'फेइर' हे 'फेश' (स लिहितात, इथे श होतो), म्हणजे नाच-गाण्याच्या स्पर्धांचा मेळा. 'ओउआइर' हे 'दुअश'. आणि दुसरी ओळ कॉर्क शहराचं आयरिश नाव, 'कोरकी'.

आता तिसरी ओळ. 'पोर्त' म्हणजे बंदर हे खरंच, झंपी अगदीच हवेत नव्हत्या. पण पोर्तचा दुसरा अर्थ जिग. आणि 'कोर' म्हणजे रील. दोन्ही नाचाचे प्रकार. सगळं मिळून:

फेश
कॉर्क
रील आणि जिग
दुसरं बक्षीस
कु. म. क.

हे नाचाच्या स्पर्धेचं पदक आहे.

बोरूबहाद्दर
वा! पण 'कु.' कुठून आणलंत? आणि टिंबं?

हिरवा_डोंगर
'नी' वरून. आयरिश आडनावात पुरुषाला 'ओ' किंवा 'मॅक' लागतो. मुलगी असेल तर 'ओ' चं 'नी' होतं आणि 'मॅक' चं 'निक'. लग्न झालेल्या बाईने नवऱ्याचं आडनाव लावलं तर 'बॅन ई'. त्यामुळे नुसत्या 'नी' वरून कळतं की हे माहेरचं नाव. आपण भांड्यांवर नावं घालतो तेव्हा कु. की सौ. यावरून भांडं लग्नाआधीचं की नंतरचं ते ओळखतो ना, तसंच.

टिंबाचं म्हणाल तर ते ज्या व्यंजनावर बसतं ते मऊ पडतं. क चा घशातून खरवडलेला ख होतो, ब आणि म दोघांचाही व होतो, फ तर गायबच होतो. 'नी' नंतर येणारं आडनाव असं मऊ पडतं, म्हणून क वर टिंब. आता रोमन लिपीत टिंबाऐवजी एच लिहितात. आयरिश पाट्यांवर एवढे एच का दिसतात, तर ती सगळी पूर्वीची टिंबं.

आजीबाईंचा_बटवा
अय्या, म्हणजे नुक्ताच की.

बोरूबहाद्दर
आणि आपल्याकडचं उलटं. आमच्या आजोबांच्या पत्रांत 'नांव', 'गांव', 'कांहीं' असे उच्चार नसलेले अनुस्वार जागोजागी. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते पुसले. इथे टिंबं गेली आणि अक्षरं वाढली, आपल्याकडे टिंबं गेली आणि काहीच आलं नाही.

हिरवा_डोंगर
आयरिशमध्येही न उच्चारलेली अक्षरं छाटली, १९४० च्या दशकात. भाषेचं स्वतःचं नाव 'ग्वेलगे', त्यातली मधली मुकी अक्षरं उडाली. त्यावर वर्तमानपत्रांत भांडणंही झाली.

चहाटळ
शुद्धलेखनावर भांडणं? आपल्याकडे असलं काही होत नाही बुवा.

आजीबाईंचा_बटवा
अतिअवांतर: आयरिश आकडे ऐकलेत का कधी? दो, त्री... सात म्हणजे 'शाख्त', आठ 'ओख्त', नऊ 'नी'. माझी सून तिथली आहे, नातवाला शिकवताना ऐकलं तेव्हा लाटणं हातातून पडलं. सातासमुद्रापार आमचे सात-आठ कसे पोचले!

हिरवा_डोंगर
आपले पोचले नाहीत आजी, दोघांचे पूर्वज एक. त्यांचे द आणि त सुद्धा आपल्यासारखे दातावर जीभ टेकवून. इंग्रजांना जमत नाहीत, आपल्याला फुकट मिळतात.

रानजाई
मी ऑफिसात मीटिंगमध्ये बसून हे सगळं वाचतेय आणि हसू दाबतेय. दुसरं बक्षीस! मला का कोण जाणे, पहिल्यापेक्षा जास्त आवडलं.
पण मग हा कुत्रा, मनोरा, वीणा कशाला? नाचाचं काहीच नाही चित्रात.

हिरवा_डोंगर
ते तयार साच्यातलं. सराफांकडे असली छापाची पदकं तयार असायची, पुढे देशाची चिन्हं, मागची बाजू कोरी. जो आयोजक येईल त्याच्यासाठी मागे कोरून द्यायचं. हर्लिंग (काठी-चेंडूचा आयरिश खेळ) असो, वक्तृत्व असो, नाच असो, कुत्रा तोच.

मनोरा म्हणजे जुन्या मठांशेजारचे दगडी गोल मनोरे, त्यांत घंटा असायची. कुत्रा आयरिश वुल्फहाउंड. तीन पानं शॅमरॉक या तिपानी रोपाची, आयर्लंडचे संत सेंट पॅट्रिक यांची खूण. हा संच एकोणिसाव्या शतकात फार चालायचा. बेलीक पॉटरीच्या चिनी मातीच्या भांड्यांचा शिक्का बघा, तिथेही कुत्रा, मनोरा, वीणा आणि शॅमरॉक. वीणा ट्रिनिटी कॉलेजातल्या जुन्या हार्पवरून. तिला ब्रायन बोरू राजाची म्हणतात, पण तो १०१४ मध्ये गेला आणि हार्प त्यानंतर निदान तीनशे वर्षांनी घडली.

सोनारपेठ
वीणेचं तोंड कुठे आहे? गिनेस या बिअरवाल्यांनी १८७६ मध्ये हार्पचं चिन्ह नोंदवलं होतं, म्हणून पुढे आयरिश सरकारने आपली हार्प उलट्या दिशेने वळवली, असं ऐकलंय.

हिरवा_डोंगर
वळवली हे खरं. पण पदकावरून त्याचा काही पुरावा काढू नका. तेव्हा ज्याला जशी जमली तशी तो काढायचा.

काळाबद्दल एवढं म्हणता येईल. ग्वेलिक लीग, म्हणजे आयरिश भाषा वाचवायला निघालेली संस्था, १८९३ मध्ये स्थापन झाली. डग्लस हाइड अध्यक्ष, तेच पुढे १९३८ मध्ये देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष. भाषेबरोबर नाच, गाणं, पोशाख सगळंच त्यांनी उचललं. गावोगावी 'फेश' भरू लागल्या. म्हणजे चहाटळ यांची 'जत्रा' फार चुकलेली नव्हती.

चहाटळ
नोंद घेण्यात यावी.

हिरवा_डोंगर
लिपी गेलिक आहे, पण त्याने फार नेमकं काही ठरत नाही, कारण शाळांत ती साठच्या दशकापर्यंत होती. आणि ती झिजलेली कडी! नाचणाऱ्या मुली मिळालेली पदकं पोशाखावर छातीला लावून पुढच्या स्पर्धेला जात. जुन्या फोटोंत ओळीने दहा-दहा पदकं दिसतात. प्रत्येक उडीला हलायची, घासायची.

खडकीकर
मान्य. पलटण मागे घेतो. पण छातीवर ओळीने पदकं म्हणजे थोडी पलटणच झाली की.

बोरूबहाद्दर
फेशवरून आठवलं. डब्लिनला 'फेश क्योल' नावाची गाण्याची स्पर्धा १८९७ पासून होते. १९०४ मध्ये लेखक जेम्स जॉइस तिथे गायला आणि समोर ठेवलेलं नोटेशन बघून गायची वेळ आली तेव्हा अडला. कांस्यपदक मिळालं. ते पदक पुढे लिलावात मायकेल फ्लॅटलीने घेतलं, तो जगभर आयरिश नाच नाचणारा. गाण्याचं पदक नाचणाऱ्याकडे.

रानजाई
धागा वर काढतेय, कारण सांगण्यासारखं घडलंय.

एक: घरासमोरच्या झाकणावर खरंच 'पी ७ टी' आहे. चार वर्षं त्यावर पाय ठेवून जातेय. मला वाटायचं, झाकणाचा नंबर.

दोन: शेजारच्या आजींना पदक दाखवलं. वय पंचाहत्तरच्या पुढे. चष्मा न लावता हात लांब करून एका दमात वाचलं. डब्लिनवाले 'कोरकी' म्हणतात, त्या 'कोरकिग' म्हणाल्या, इकडे दक्षिणेला शेवटचा ग वाजतो म्हणे. शाळेत याच अक्षरांत शिकल्या. मधेच रोमन अक्षरं आली, टिंबं गेली, एच आले. "शब्द एका सुट्टीत लठ्ठ झाले," म्हणाल्या.

मग पदक उलटंपालटं केलं, वजन बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला: "मग पहिली कोण आली?"

मी विचारलं, म. नी क. कोण असेल? त्या हसायलाच लागल्या. कॉर्कमध्ये ओ'कॉनेल, ओ'कॅलहन, ओ'कॉनर असे ढिगाने, आणि प्रत्येक घरात एक मॉरा किंवा मार्गारेट. त्यांची स्वतःची आई पण म. नी क. होती. क्षणभर माझ्या पोटात गोळा आला. विचारलं, त्या नाचायच्या का? म्हणाल्या, "छे, दोन्ही पाय डावे होते तिचे."

पदक सध्या त्यांच्याच खिडकीत आहे. 'दोन दिवस ठेवते' म्हणाल्या होत्या, आज नववा दिवस. मागवत नाहीये.

आजीबाईंचा_बटवा
नकोच मागू गं.

सोनारपेठ
फक्त त्यांना सांगा, घासू नका.

रानजाई
उशीर झाला. चकाचक केलंय.

सोनारपेठ
(हा सदस्य मूर्च्छित आहे.)

झंपी
अक्षरं गेली का?

रानजाई
नाही, आहेत. 'कोर' जरा फिकं पडलंय.

नाथाबुवा
फोटो दिसला एकदाचा! सुंदर पदक आहे. ते ७ कशाचं आहे पण?